रांजणवाडी: दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात बसून रांजणवाडीबद्दल जे प्रश्न रोज कानावर पडतात, ते इथे जवळजवळ त्याच शब्दांत उतरवले आहेत. ज्यांचा डोळा आत्ता ठणकतो आहे त्यांनी शेकाचा प्रश्न आधी वाचावा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

पापणीवर पुटकुळी आली आहे. ही रांजणवाडीच कशावरून?

आदल्या दिवशी नुसतं खुपल्यासारखं वाटतं. डोळ्यात कचरा गेला असेल म्हणून माणूस पाणी मारतो आणि झोपतो. सकाळी पापणी जड, सुजलेली, लाल. आरशात पाहून कडेकडेने हळूच बोट फिरवलं की एका नेमक्या जागी ‘आई गं!’ होतं. ती एकच दुखरी जागा ही रांजणवाडीची सगळ्यात मोठी खूण. दोन-तीन दिवसांत तिथे, बहुतेक वेळा एखाद्या पापणीच्या केसाच्या मुळाशी, पिवळट टोक दिसू लागतं. डोळ्यातून पाणी येतं, सकाळी थोडी चिपडं असतात, उजेड जरा टोचतो. नजर मात्र नेहमीसारखीच असते.

डोळे येतात तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो. रांजणवाडीत पापणी लाल होते. आरशासमोर खालची पापणी थोडी ओढून पाहिलं की हा फरक घरीच कळतो. डास किंवा किडा चावला तर सगळी पापणी फुगते, पण तिथे दुखण्यापेक्षा खाज जास्त. नाकाजवळच्या कोपऱ्यात, पापणीच्या थोडं खाली दुखरी सूज असेल तर ती बहुधा अश्रूंच्या पिशवीची असते. तिला रांजणवाडी समजून घरी शेकत बसू नका. आणि कपाळावर, पापणीवर, फक्त एकाच बाजूला, आग होणाऱ्या बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका असेल तर ती नागीण असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पण झाली कशामुळे?

पापणीच्या कडेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. काही केसांच्या मुळाशी, आणि काही पापणीच्या आतल्या जाडीत उभ्या रांगेत. आतल्या ग्रंथी वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि डोळा लवकर सुकू देत नाही.

आता तुपाची बरणी डोळ्यांसमोर आणा. थंडीत तूप थिजतं, चमचा आत जात नाही. ग्रंथीतलं तेल असंच घट्ट झालं की तोंड बुजतं. आपल्या त्वचेवर आणि नाकात सहज राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू अशा तुंबलेल्या जागी वाढतात आणि पू धरतो. केसाच्या मुळाशी झालं तर बाहेरची रांजणवाडी, आतल्या ग्रंथीत झालं तर आतली. आतली जास्त ठणकते आणि पापणी उलटवल्याशिवाय तिचं टोक दिसत नाही.

न धुतलेल्या हातांनी डोळे चोळण्याची सवय, रात्री न पुसलेलं काजळ, पापण्यांच्या कडेला कोंडा धरणं, रक्तातली वाढलेली साखर, ही नेहमीची कारणं. चष्म्याची गरज असून तो न लावणारी मुलंही डोळे सारखे चोळतात, म्हणून मुलाला पुन्हा पुन्हा रांजणवाडी झाली की आम्ही नंबरही तपासतो.

शेक घेतोय, पण फरक नाही. शेक नक्की कसा घ्यायचा?

रांजणवाडीचं खरं औषध शेक हेच आहे. मलम आणि थेंब त्याच्या मागून येतात. तरी लोकांना चिठ्ठीवर लिहिलेलं औषध वाटतं आणि तोंडी सांगितलेला शेक म्हणजे डॉक्टरांनी जाता जाता दिलेला सल्ला वाटतो. ‘शेक घेतला का?’ विचारलं की ‘हो, घेतला ना’ असं उत्तर येतं. किती वेळ? ‘घेतला की, दोन-तीन वेळा टेकवला.’ टेकवून तेल वितळत नाही.

एका पातेल्यात पाणी तापवा. हात घालून सोसवेल इतकंच, साधारण ४० अंश सेल्सियस, म्हणजे लहान बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त. स्वच्छ सुती रुमालाची चौपदरी घडी त्यात बुडवून पिळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसत नसेल तरच मिटलेल्या पापणीवर ठेवा. ओला रुमाल मिनिट-दीड मिनिटात कोमट होतो, आणि इथेच सगळे चुकतात. तो पुन्हा बुडवायचा, पिळायचा, ठेवायचा. असं सलग दहा मिनिटं. शेजारी घड्याळ ठेवा, कारण डोळे मिटून बसलं की तीन मिनिटंसुद्धा दहा वाटतात. दिवसातून चार वेळा.

ज्यांना पातेलं घेऊन बसायला जमत नाही त्यांनी मूठभर कोरडे तांदूळ स्वच्छ सुती मोज्यात बांधून तव्यावर हलके गरम करावेत; ती पुरचुंडी बराच वेळ ऊब धरते. उकडलेलं अंडं रुमालात गुंडाळूनही शेकतात, मात्र ते आतून खूप तापलेलं असतं, जरा निवू द्या. इस्त्रीने रुमाल तापवून थेट डोळ्यावर ठेवू नका. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते. शेकून शेकून पापणीवर भाजल्याचे फोड घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

शेक झाल्या झाल्या, तेल पातळ आहे तोवर, धुतलेल्या बोटाने हलकी मालिश करा. वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर. दोन्हीकडे दिशा केसांकडे. दाबायचं नाही. डोळ्याभोवती क्रीम लावताना जेवढा जोर लागतो तेवढाच. फार ठणकत असेल तर पहिले एक-दोन दिवस मालिश राहू द्या.

बहुतेक रांजणवाड्या एवढ्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत बसतात. मध्येच एखाद्या शेकानंतर आपोआप फुटून पू रुमालाला लागतो आणि ठणका थांबतो. घाबरायचं कारण नाही. स्वच्छ ओल्या कापसाने पुसून घ्या आणि शेक आणखी दोन दिवस चालू ठेवा.

टोक आलंय, पिकलीय. फोडू का? नाहीतर तो केस उपटू?

नाही. दोन्ही नाही. दाबलं की पू बाहेर येण्याऐवजी आत, आजूबाजूच्या मऊ भागात पसरू शकतो, आणि पापणीच्या मागे थेट डोळ्याची खोबण आहे. त्या मुळाशी असलेला केस आम्ही कधी कधी काढतो, पू वाहायला वाट मिळते. पण ते मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, निर्जंतुक चिमट्याने. ड्रेसिंग टेबलवरच्या भुवयांच्या चिमट्याने नव्हे.

आजी म्हणते लवंग उगाळून लाव. लावू?

आजीचा मान राखा, लवंग चहात टाका. आपल्याकडे या एका पुटकुळीवर जितके उपाय आहेत तितके सर्दीवरही नसतील. लवंग, चिंचोका, खारकेची बी सहाणेवर उगाळून लेप, लसणाची पाकळी, सोन्याची अंगठी घासून, तळहातावर बोट चोळून गरम करून ते टेकवणं. यातली शेवटची दोन म्हणजे छोटासा शेकच आहे, म्हणून त्यांनी थोडं बरं वाटतं यात नवल नाही. अंगठी तेवढी घासू नका, तिच्या नक्षीत बरंच काही अडकलेलं असतं. उगाळलेला लेप निर्जंतुक नसतो, आणि सुकून त्याचे कण डोळ्यात पडतात. लवंग आणि लसूण पातळ कातडीला सरळ पोळतात.

चुन्याबद्दल मात्र थट्टा नाही. तंबाखूच्या डबीतला चुना गळवाला लावायची सवय असते, तीच पापणीवर वापरली जाते. चुना तीव्र अल्कली आहे. डोळ्यात गेला तर तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा जाळत आत आत शिरतो आणि कायमचं अंधत्व येऊ शकतं. गेलाच तर दवाखाना शोधण्याआधी नळाखाली, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याने धुवा. दिसलेले कण ओल्या कापसाने काढा, आणि मग पळा. मध, गुलाबपाणी, आईचं दूध हेही डोळ्यात घालू नका. दुकानातलं गुलाबपाणी डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं असेलच असं नाही.

सगळंच जुनं टाकाऊ असतं असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे २१ रोग सांगितले आहेत. त्यातली ‘अंजननामिका’, म्हणजे पापणीवरची तांबूस, टोचणारी, जळजळणारी बारीक पुळी, वाचताना आपलीच रांजणवाडी समोर येते. तिच्यावर पहिला उपाय काय सांगितला आहे? स्वेदन. म्हणजे शेक.

मेडिकलवाल्याने ड्रॉप्स दिले, दोन दिवसांत लाली गेली. ते चालू ठेवू का?

आधी बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं. पण त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली इतक्या झटपट जाते ती त्याच्यामुळेच, आणि म्हणून तीच बाटली घरात ‘आमचं डोळ्याचं औषध’ होऊन बसते. मग उन्हात डोळे लाल झाले, घाल. मोबाइल पाहून चुरचुरले, घाल. स्टेरॉइड महिनोन्महिने पोटात नव्हे, डोळ्यात जात राहिलं तरी डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि ती जाते तेव्हा दुखतही नाही.

डॉक्टर अशी औषधं कधी कधी देतात, मोजून, ठरावीक दिवसांसाठी. काउंटरवर ‘डोळ्याचं काहीतरी द्या’ म्हणून मिळणारी बाटली वेगळी. नुसतं प्रतिजैविकसुद्धा साध्या रांजणवाडीत बहुतेक वेळा लागत नाही. पू वाहत असेल किंवा पापण्यांच्या कडा खराब असतील तर आम्ही रात्री लावायला मलम देतो. क्लोरॅम्फेनिकॉलच्या त्या छोट्या कॅप्सूल पुष्कळांना माहीत असतात. त्यांचं टोक टोचून मलम डोळ्यात सोडायचं असतं, कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, गिळलेल्या आहेत.

आणि मागच्या पावसाळ्यात उघडलेली बाटली फेकून द्या. डोळ्याचे थेंब एकदा उघडले की साधारण महिनाभरच वापरायचे.

माझी गाठ अजिबात दुखत नाही, पण दोन महिने झाले जात नाही.

मग ती आता रांजणवाडी राहिलेली नाही. पू ओसरला, पण कोंडलेल्या तेलाभोवती शरीराने भिंत बांधली. हाताला छऱ्यासारखी लागणारी ही गाठ म्हणजे कॅलेझियन. कधी ती आधी काही न दुखताही येते. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ बारीक गार, आकाशातून पडते ती. रांजणवाडीच्या वैद्यकीय नावात, हॉर्डिओलममध्ये, लॅटिन जव लपलेला आहे. सुश्रुतांनीही न पिकणाऱ्या, कठीण, न दुखणाऱ्या पापणीच्या गाठीला ‘लगण’ असं वेगळं नाव देऊन ठेवलं आहे. जव आणि गार वेगळे, हे पूर्वीपासून सगळ्यांना कळलेलं होतं.

शेक इथेही चालतो, पण धीर महिन्यांचा लागतो. मोठी गाठ बुबुळावर दाब देऊन नजर धूसर करू शकते, चष्म्याचा तात्पुरता सिलिंडर (तिरपा) नंबर आणते. अशा वेळी, किंवा दिसायला फारच त्रास देत असेल तर, काढून टाकता येते. काहींना गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊनही ती विरते.

ऑपरेशन म्हणजे पापणी कापणार? टाके? व्रण राहील?

पापणी बधिर करायचं इंजेक्शन तेवढं टोचतं. मग पापणी उलटवून आतल्या गुलाबी बाजूने छोटा छेद घेतात आणि गाठीतला घट्ट ऐवज खरवडून काढतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. छेद आतून असल्यामुळे बहुधा टाके नसतात आणि बाहेर खूण दिसत नाही. काही तास पट्टी, दोन-चार दिवस निळसर सूज. गाडी चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी आणा. लहान मूल स्थिर बसत नाही, त्याला भूल द्यावी लागते. म्हणूनच मुलांमध्ये आम्ही शक्य तितकं थांबतो.

लगेच कधी धावायचं?

सूज पुटकुळीपुरती न राहता सगळी पापणी लाल, गरम, घट्ट झाली आणि डोळा उघडेना. ताप आला. डोळा फिरवताना आत दुखू लागलं. एकाचे दोन दिसू लागले, नजर कमी झाली, किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीसुद्धा मोठ्या दवाखान्यात जा. संसर्ग खोबणीत उतरला असू शकतो, तिथे शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात. लहान मुलांमध्ये हे तासांत बळावतं.

यातलं काही नाही, पण दोन-तीन दिवस नीट शेकूनही दुखणं वाढतच आहे? मग दुसऱ्या दिवशी ओपीडीत या.

एक गेली की दुसरी येते. वर्षात पाचवी आहे.

साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा सापडला तो रांजणवाडीमुळे, असे लोक प्रत्येक डोळ्याच्या दवाखान्यात भेटतात. दुसरं म्हणजे आरशात पापण्यांच्या मुळाशी पाहा: केसांना बारीक पापुद्रे, कोंडा, कडा लालसर? मग जमिनीतच बी आहे. रांजणवाडी बसली तरी पापण्यांची रोजची स्वच्छता चालू ठेवावी लागेल. शेक दिवसातून एकदा, मग कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून त्यात भिजवलेल्या कापसाने मिटलेल्या पापण्यांची कड आडवी पुसायची आणि साध्या पाण्याने धुवायचं. दात घासण्याइतकं कंटाळवाणं आहे, आणि तेवढंच उपयोगी. कधी डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. गर्भवतींना आणि लहान मुलांना ते चालत नाही.

बाबांना त्याच जागी तिसऱ्यांदा गाठ आली. दरवेळी काढून टाकतो.

वय काय? साठीच्या पुढे असतील आणि गाठ नेमकी त्याच जागी परत येत असेल, तिथले पापणीचे केस गळले असतील, किंवा कड जाड, पिवळट झाली असेल, तर काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवलाच पाहिजे. तेलग्रंथीचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण तो साध्या गाठीचं सोंग घेतो, आणि पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे बरंच जास्त आढळतं. ‘मागच्या वेळी तुकडा तपासला होता का?’ हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा.

मुलाला शाळेत पाठवू का? इतरांना लागेल?

पाठवा. डोळ्यांची साथ येते तशी रांजणवाडीची येत नाही. टॉवेल, रुमाल आणि उशीचा अभ्रा तेवढा वेगळा ठेवा. कुणाच्या डोळ्याकडे पाहून तर ती मुळीच होत नाही. आणि ‘दिलेली वस्तू परत मागितलीस म्हणून झाली’ हे आमच्याही लहानपणी ऐकवलं जायचं. तोवर तो खडू परत मिळालेला असायचा, म्हणून आमची तक्रार नव्हती.

आंब्यांनी होते का? उष्णता झाली म्हणतात.

आंब्याचा थेट दोष दाखवता येत नाही. उन्हाळ्यात घाम, धूळ आणि डोळे चोळणं वाढतं, आणि आंबेही तेव्हाच असतात. मधुमेह असेल तर आंबा मोजून खा, पण त्याचं कारण निराळं.

लेन्स घालते. काजळही रोजचं.

बरी होईपर्यंत लेन्स बंद, चष्मा लावा. महिन्याच्या लेन्स असतील तर चालू जोडी टाकून नवी उघडा. त्या दिवसांत वापरलेलं काजळ आणि मस्कारा, महाग असला तरी, कचऱ्यात. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरतात ना, तेलग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच उघडतात. बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये याचं हे एक कारण. दुसरं, काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलेलं आहे.

चार दिवसांवर लग्न आहे. माझंच.

चार दिवसांत नक्की जाईल असं सांगणारा कुणीही असो, त्याला पैसे देऊ नका. आजपासून दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं शेक, मेंदी लागल्यावर ते काम बहिणीकडे. मेकअपवालीला आधीच सांगा, त्या डोळ्याला ब्रश लागणार नाही, आणि तिच्या पेटीतलं काजळ दुसऱ्याही डोळ्याला नको, स्वतःचं नवं न्या. फोटोवाल्याला कुठली बाजू धरायची ते सांगून ठेवा. अंतरपाट धरेपर्यंत सूज निम्मी उतरलेली असते, बहुतेक वेळा.